पार्लरला एक दिवस, शाळेला दोन आठवडे

८ जानेवारी २०२२ रोजी राज्य सरकारने ओमायक्रॉनच्या लाटेसाठी नवे निर्बंध जाहीर केले. १० तारखेपासून शाळा बंद, त्या थेट १५ फेब्रुवारीपर्यंत. त्याच आदेशात जिम आणि ब्यूटी पार्लरही बंद होती. पण दुसऱ्याच दिवशी सुधारित आदेश निघाला आणि लस घेतलेल्यांसाठी, निम्म्या क्षमतेने, दोन्ही चालू राहतील असं ठरलं. हॉटेलं आणि सिनेमागृहं तर पहिल्या आदेशातही निम्म्या क्षमतेने चालूच होती. शाळांचा फेरविचार व्हायला २० जानेवारी उजाडली आणि घंटा वाजली २४ ला, तीही जिथे स्थानिक प्रशासनाने होकार दिला तिथेच. पुण्यातली मुलं १ फेब्रुवारीपर्यंत घरीच होती.

योगायोग असा, की आपण ज्या दिवसापासून शाळांना पुन्हा कुलूप लावलं त्याच दिवशी, १० जानेवारीला, युगांडाने आपल्या शाळा उघडल्या. सर्वांत जास्त काळ शाळा बंद ठेवणारा देश म्हणून तोवर जगभर युगांडाचं नाव घेतलं जात होतं. युनेस्कोच्या हिशेबात भारत त्याच्या अगदी पाठोपाठ होता. आपल्याला मात्र चर्चा हवी होती ती लॉकडाऊन पुन्हा लागणार का, याची.

महासाथीत सुट्टी संपली की एकच प्रश्न चघळला जायचा: आता शाळा उघडाव्यात का? टीव्हीवर डॉक्टर, शिक्षणसंस्थाचालक आणि एखादी काळजीत पडलेली आई अशी तिघं बसायची आणि प्रत्येक जण आपापल्या परीने ‘थोडं थांबू या’ असं म्हणायचा. माझा आक्षेप त्या प्रश्नालाच आहे. सुट्टी संपली की शाळा भरते, हा नियम आहे. नियम मोडायचा असेल तर मोडणाऱ्याने कारण द्यावं, पुरावा द्यावा आणि मुदत सांगावी. आपण उलटं केलं. उघडायचं म्हणणाऱ्याकडे हमी मागितली; बंद ठेवायचं म्हणणाऱ्याकडे काहीच मागितलं नाही. सुट्टीने तर सरकारची सोयच केली. शाळा आधीच बंद असल्यामुळे ती बंद ठेवणं हा निर्णय वाटतच नाही. निर्णय घेतला नाही तर कुणी जबाबदारही धरत नाही.

२०२० च्या दिवाळीत हे स्पष्ट दिसलं. (त्या वर्षी ऑनलाइन वर्गांनाही दिवाळीची सुट्टी होती. घरातून घरात सुट्टी.) राज्याने जाहीर केलं की २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग भरतील. पण अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनाचा. शिक्षकांना आरटीपीसीआर चाचणी सक्तीची झाली, चाचणी केंद्रांवर रांगा लागल्या आणि ‘इतके शिक्षक पॉझिटिव्ह’ अशा बातम्या सुरू झाल्या. ज्यांनी शाळेत पाऊलही टाकलं नव्हतं त्यांना लागण झाली होती, म्हणजे ती शाळेबाहेरच झाली होती. तरी बातमीचा अर्थ असा लावला गेला की शाळा धोकादायक आहेत. मुंबई, ठाणे, पुणे यांनी तारीख पुढे ढकलली. ग्रामीण भागात वर्ग भरले. दिवाळीच्या खरेदीत लक्ष्मी रोडवर आणि दादरला जी गर्दी उसळली होती, तिच्याबद्दल मात्र एक-दोन दिवस फोटो छापून आपण गप्प बसलो.

आता या सगळ्यात पहिलीतल्या मुलाचं काय झालं ते पाहा. समजा, मुंबईत एका मुलीचं नाव जून २०२० मध्ये पहिलीत घातलं. ती शाळेत पहिल्यांदा बसली ती १५ डिसेंबर २०२१ रोजी, दुसरीचं अर्धं वर्ष उलटून गेल्यावर. राज्याने पहिलीपासूनच्या वर्गांना १ डिसेंबरची तारीख दिली होती, ओमायक्रॉनच्या धास्तीने महापालिकेने ती दोन आठवडे लांबवली. मध्ये नाताळ. आणि ४ जानेवारीपासून महापालिकेने पहिली ते नववीचे वर्ग पुन्हा बंद केले. म्हणजे अक्षरओळख, मुळाक्षरं, बाराखडी, पाढे, शेजारी बसलेल्या मुलीशी भांडणं आणि मिटवणं, या सगळ्यासाठी पहिलीच्या त्या मुलीला दीड वर्षात तीन आठवडेही धड मिळाले नाहीत. तिची पहिली ‘उत्तीर्ण’ अशी नोंद मात्र प्रगतिपुस्तकात असेल.

तिच्या आधी काय काय उघडलं? २०२१ च्या ऑगस्टमध्ये शालेय शिक्षण विभागाने १७ तारखेपासून ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून शाळा सुरू करण्याचं परिपत्रक काढलं. तज्ज्ञांच्या कृती दलाने विरोध केला आणि ते स्थगित झालं. त्याच आठवड्यात, १५ ऑगस्टपासून, मॉल आणि उपाहारगृहं रात्री दहापर्यंत उघडी ठेवायला परवानगी मिळाली. मंदिरं ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या मुहूर्तावर. नाट्यगृहं आणि सिनेमागृहं २२ ऑक्टोबरला. प्राथमिक शाळा १ डिसेंबरला. मला नाटकं आवडतात, आणि पडद्यामागच्या कामगारांचे त्या काळात किती हाल झाले हेही ठाऊक आहे. पण यातल्या कुठल्या गोष्टीत अंतर राखणं सोपं होतं आणि कुठली वय निघून गेल्यावर परत मिळत नाही, एवढा तरी विचार क्रम लावताना व्हायला हवा होता.

हॉटेलचालकांची संघटना असते. मॉलवाल्यांची असते, नाट्यनिर्मात्यांची असते. मंदिरांसाठी तर विरोधी पक्ष रस्त्यावर उतरला, घंटानाद झाला. सहा वर्षांच्या मुलांची संघटना नसते. शाळा बंद राहिल्याने त्या महिन्यात कुणाचं दिवाळं निघत नाही, राज्याचा महसूल बुडत नाही, बातमी होत नाही. म्हणून ती बंद ठेवणं सर्वांत स्वस्त पडतं.

यावर एक प्रामाणिक उत्तर आहे: साथीत काय होईल हे कुणालाच माहीत नव्हतं. मार्च २०२० मध्ये हे खरं होतं. तेव्हा शाळा बंद केल्या त्याला मी दोष देणार नाही. तेव्हा बंद न करणं हाच बेजबाबदारपणा ठरला असता. पण २०२१ च्या जुलैत चित्र वेगळं होतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चौथ्या देशव्यापी सेरो सर्वेक्षणात, म्हणजे रक्ततपासणीच्या पाहणीत, सहा ते नऊ वयाच्या ५७ टक्के आणि दहा ते सतरा वयाच्या सुमारे ६२ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडं आढळली. मुलं घरात होती, शाळा बंद होत्या, तरी निम्म्याहून जास्त मुलांना विषाणू गाठून गेला होता. आयसीएमआरचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी तेव्हाच सांगितलं होतं की शाळा उघडायच्या झाल्या तर प्राथमिकपासून सुरुवात करणं शहाणपणाचं, कारण लहान मुलं या विषाणूला मोठ्यांपेक्षा चांगली तोंड देतात. महाराष्ट्राने नेमका उलटा क्रम लावला. आधी नववी ते बारावी, मग आठवी, मग पाचवी, सगळ्यांत शेवटी पहिली. याचं कारण वैद्यकीय नव्हतं, ते बोर्डाच्या परीक्षेचं होतं. आणि ज्या परीक्षेसाठी हा क्रम लावला ती २०२१ मध्ये रद्दच झाली. दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. पेढे वाटावेत की नाही, हेच घराघरांत कळेना.

परदेशातले दाखले देताना आपण सोयीचे तेवढे देतो, म्हणून दोन्ही बाजूंचे देतो. स्वीडनने २०२० च्या पहिल्या लाटेत सोळा वर्षांखालच्या मुलांच्या शाळा चालू ठेवल्या. तिथल्या सुमारे साडेएकोणीस लाख मुलांपैकी त्या वसंतात पंधरा मुलांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. कोविडने एकही मूल दगावलं नाही. हे शाळा उघडण्याच्या बाजूचं. पण त्याच स्वीडनमध्ये असंही आढळलं की वर्गात जाऊन शिकवणाऱ्या शिक्षकांना ऑनलाइन शिकवणाऱ्या वरच्या वर्गांच्या शिक्षकांपेक्षा लागण होण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. शिक्षकांची भीती खोटी नव्हती.

दुसरा दाखला इस्रायलचा. मे २०२० मध्ये तिथे शाळा पूर्ण उघडल्या. जेरुसलेममधल्या एका माध्यमिक शाळेत पंधरवड्याच्या आत मोठा उद्रेक झाला: १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित. ‘बघा, उघडली आणि काय झालं’ म्हणून ही बातमी जगभर फिरली. तपशील कुणी वाचला नाही. एकेका वर्गात पस्तीस-अडतीस मुलं होती. त्याच दिवसांत उष्णतेची लाट आली, म्हणून मास्कची सक्ती उठवली, आणि खिडक्या लावून एसी सुरू ठेवले. मला यातून ‘उघडू नका’ असा निष्कर्ष निघताना दिसत नाही. ‘खिडकी उघडा’ असा दिसतो. आपल्याकडच्या बहुतेक जिल्हा परिषद शाळांत एसी नाहीच. खिडकीची काच फुटलेली असते आणि ती वर्षानुवर्षं कुणी बसवत नाही. हवा खेळती ठेवण्याच्या बाबतीत आपल्या गरिबीने आपली सोयच केली होती. पुढे व्हरांडा, अंगणात कडुलिंब किंवा वड. तिथे सतरंजी टाकून वर्ग भरवायला कुठल्या कृती दलाच्या परवानगीची गरज पडावी?

शंभर वर्षांपूर्वी, १९१८ च्या इन्फ्लुएंझात, न्यू यॉर्कने शाळा चालू ठेवल्या होत्या. तिथल्या आरोग्य आयुक्तांचा युक्तिवाद साधा होता: कोंदट चाळींत पडून राहण्यापेक्षा मुलं शाळेत असतील तर रोज कुणीतरी त्यांच्याकडे पाहील, आजारी दिसलं तर लगेच बाजूला काढेल. धारावीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं आणि एक मोबाइल असं चित्र आठवा आणि हा युक्तिवाद पुन्हा वाचा.

महाराष्ट्रात तेव्हा वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा सुमारे पंधरा हजार होत्या. वाडी-वस्तीवरच्या, पाड्यावरच्या, तांड्यावरच्या. एक खोली किंवा दोन, एक शिक्षक किंवा दोन. तिथे शिकणारी मुलं संध्याकाळी एकाच ओढ्याकाठी, एकाच पारावर खेळतात; सकाळी शाळेत न बसवल्याने त्यांचा एकमेकांशी संपर्क कणभरही कमी होत नव्हता. तरी एका वर्गात साठ मुलं कोंबणारी शहरातली शाळा आणि ही अकरा मुलांची शाळा एकाच परिपत्रकाने बंद होती. जुलै २०२१ मध्ये, ज्या गावात महिनाभर रुग्ण नाही तिथे गावाच्या ठरावाने शाळा सुरू करण्याची मुभा मिळाली. कल्पना उत्तम होती. फक्त ती आठवी ते बारावीसाठी होती, आणि वाडीवरच्या शाळेत आठवी नसतेच. पुढच्या वर्षी याच छोट्या शाळा ‘पट कमी’ म्हणून बंद करायच्या हालचाली सुरू झाल्या. साथीत त्यांचं लहान असणं कुणाला उपयोगाचं वाटलं नाही, साथ संपल्यावर मात्र तेच त्यांच्या मुळावर आलं.

आणि आता बीडकडे या. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात दिवाळीनंतर शाळा भरते की नाही, हा प्रश्न मुंबईतल्यासारखा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटून मोकळा झालेला असतो, टोळ्या ठरतात, ट्रक आणि ट्रॅक्टर गावात येऊन लागतात. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. पोराला मागे ठेवायचं की सोबत न्यायचं, हे त्याच आठवड्यात ठरतं. गावात शाळा चालू असेल, हंगामी वसतिगृहाची व्यवस्था असेल, म्हातारी आजी असेल, तर पोरगं मागे राहतं. शाळाच बंद असेल तर ते कशासाठी मागे ठेवायचं? ‘ऑनलाइन’साठी? मग ते उसाच्या फडात जातं. सात-आठ वर्षांचं असेल तर कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळतं, बारा-तेराचं असेल तर वाढे (उसाचे हिरवे शेंडे) बांधतं, मोळ्या उचलू लागतं. मुलगी त्या वयाची असेल तर आई-बापाला वेगळीच चिंता: एकटी गावात ठेवायची कशी? त्यातून लग्न उरकून टाकायचं. साथीच्या काळात मराठवाड्यात बालविवाह वाढले, हे तिथे काम करणाऱ्या कुणालाही विचारा. शाळा महिनाभर उशिरा उघडली तर मुंबईत एका घटक चाचणीचा अभ्यास मागे पडतो. तिथे टोळी निघून गेलेली असते, आणि पोर परत येतं ते थेट उन्हाळ्यात.

‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ असं एक ब्रीद तेव्हा शिक्षण विभागाने चालवलं होतं. ते चालवणाऱ्यांच्या कळकळीबद्दल शंका नाही. सोलापुरात नीलमनगरच्या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, जव्हार-मोखाड्यात लाऊडस्पीकरवरून पाठ ऐकवले गेले, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची. पण भिंतीवरचा धडा मुलाची चूक दुरुस्त करत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्यांतल्या आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या सुमारे चौदाशे मुलांची पाहणी झाली, गरीब वस्त्यांमधली. त्यात ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं आठ टक्के निघाली; अजिबात काही न शिकणारी सदतीस टक्के. बापाचा फोन बापाबरोबर कामावर जातो आणि रात्री आठला परत येतो, हे कळायला खरं तर पाहणीचीही गरज नव्हती.

विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा आजी-आजोबांचा आहे. मुलाला काही होणार नाही, पण ते घरी विषाणू आणेल आणि त्याच घरात सत्तरीची आजी आहे. एकत्र कुटुंबाच्या देशात हा मुद्दा स्वीडनच्या आकड्यांनी खोडता येत नाही, आणि मी खोडत नाही. डेल्टाच्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, ऑक्सिजनसाठी माणसं गाड्यांतून फिरत होती तेव्हा शाळा भरवा असं म्हणणं वेडेपणाचं होतं. पण लाट येते आणि ओसरते. मुंबईत ७ जानेवारी २०२२ ला वीस हजारांवर रुग्ण सापडले आणि महिना संपायच्या आत ती लाट उतरली होती. शिवाय त्याच आजीचा मुलगा लोकलने कामाला जात होता, सून दुकानात उभी राहत होती, घरात लग्नाला पन्नास माणसं येऊन गेली होती. विषाणू घरात यायच्या दहा वाटा उघड्या ठेवून अकरावी तेवढी बंद केली आणि तिलाच खबरदारी म्हटलं. आजीला वाचवायचं होतं तर लस तिच्या दारी आधी न्यायला हवी होती, आणि शिक्षकांनाही पहिल्याच टप्प्यात डॉक्टर-नर्सबरोबर द्यायला हवी होती. ते झालं नाही. शिक्षकांना वर्गात जाऊ दिलं नाही, पण चेकनाक्यावर, रेशन दुकानात, घरोघरच्या सर्वेक्षणात खुशाल पाठवलं. म्हणजे धोका त्यांनी पत्करलाच, फक्त मुलांसाठी नाही.

आणखी एक मुद्दा त्या वेळी फार चालला: मुलांना लस मिळाल्याशिवाय शाळा नको. पंधरा वर्षांवरच्यांचं लसीकरण ३ जानेवारी २०२२ ला सुरू झालं, बारा वर्षांवरच्यांचं मार्चमध्ये. बारा वर्षांखालच्या मुलांपर्यंत ती मोहीम पोचलीच नाही. पहिली ते पाचवीच्या शाळा लशीविनाच पूर्ण भरल्या आणि काही आक्रीत घडलं नाही. ही अट पाळली असती तर त्या शाळा अजून बंद असत्या.

नुकसान किती झालं? ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०१८ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतली २७ टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकत होती. तेच फार वाईट होतं. २०२२ मध्ये ती साडेवीस टक्क्यांवर आली. ही मुलं पुढे पाचवी-सहावीत गेली तेव्हा इतिहासाचं, विज्ञानाचं पुस्तक त्यांच्या हातात होतं आणि जोडाक्षर त्यांना अडत होतं.

पुढची साथ कधी येईल सांगता येत नाही; येईल एवढं नक्की. त्यासाठी वेगळं काही शोधायची गरज नाही, आपल्याकडे आधीच पद्धत आहे. जुलैत रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात. रत्नागिरीत देतात, सोलापुरात देत नाहीत. एक दिवसाची देतात, पाऊस वाढला तर दुसरी देतात. विदर्भात ऊन असतं म्हणून शाळा उशिरा सुरू होतात, कोकणाने त्यावर कधी तक्रार केली नाही. साथीतही असंच असावं. शाळा बंद करण्याचा आदेश वॉर्डापुरता, गावापुरता निघावा. त्यात बंद राहण्याचे जास्तीत जास्त चौदा दिवस आणि उघडण्याची तारीख आधीच छापलेली असावी. हॉटेल, मॉल आणि लग्नाचे हॉल बंद झाल्याशिवाय तो निघूच नये. आणि चौदा दिवसांनी काहीच नवं ठरलं नाही तर शाळा आपोआप भरावी.

राहिले पालक. २०२१ मध्ये मुलाला शाळेत पाठवण्यासाठी पालकांचं लेखी संमतीपत्र सक्तीचं होतं. ठीक, ज्यांना पाठवायचं नाही त्यांनी न पाठवावं. पण शाळा बंद करताना कुणाचीही संमती लागत नव्हती, लेखी नाही की तोंडी नाही. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती नेमलेली आहे, तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. एरवी या समितीची सही पोषण आहाराच्या तांदळाला आणि रंगरंगोटीच्या बिलाला लागते. चौदा दिवसांपुढे शाळा बंद ठेवायची असेल तर तो ठराव या समितीपुढे न्यावा, कारण लेखी मांडावं आणि ऊसतोडीला निघालेल्या, धुणीभांडी करणाऱ्या, बिड्या वळणाऱ्या बायकांनी हात वर करावेत की करू नयेत, हे त्यांना ठरवू द्यावं.